हजारावर की दहा हजारावर?

गाडीचा आकडा हजारावर गेला तेव्हा आम्ही वडगावच्या सिग्नलला होतो. नऊशे नव्व्याण्णवचे हजार होताना फोटो काढ, असं मी बायकोला, सोनालीला, आधीच सांगून ठेवलं होतं. नेमका तेव्हाच सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही आणि फोटोत आकड्याऐवजी माझा घाबरलेला कान आला. तरीही मी खूश होतो. आमच्या घराण्यातली ही पहिली गाडी. पहिल्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर म्हणजे काही साधी गोष्ट नाही. म्हणून पार्किंगमध्ये उतरल्याबरोबर, कोणी विचारलेलं नसताना, मी ही बातमी उत्तरेश्वररावांना दिली. चूक झाली ती इथे.

उत्तरेश्वरराव तळमजल्यावर राहतात. मूळचे बार्शीचे, पण पुण्यात इतकी वर्षं काढली आहेत की आता ते पुण्यात जन्मलेल्यांनाही पुणेरीपणा शिकवतात. खुर्ची टाकून ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता त्यांनी विचारलं, "तेल बदललंत?"

"कसलं तेल?"

आता त्यांनी पेपर खाली घेतला. "इंजिनाचं. खोबरेल नव्हे."

मग त्यांनी मला, शिकवणीला उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला सांगावं तसं, सांगितलं. "नवं इंजिन घासतं, बुद्धभूषणराव. त्याचा बारीक भुसा तेलात उतरतो. हजार झाले की पहिलं तेल काढून टाकायचं असतं. नाही काढलं तर गाडी चालत नाही असं नाही. चालते. आपण चालवायची, आवाज शेजाऱ्यांनी ऐकायचा."

लिफ्टपाशी तिसऱ्या मजल्यावरचा आमोद उभा होता. हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत आहे, आणि घरून काम करत असल्यामुळे दिवसभर लिफ्टपाशीच असतो. तो म्हणाला, "काका, प्लीज! हे सगळं जुन्या काळातलं. आता सिंथेटिक ऑइल असतं. दहा हजार किंवा एक वर्ष. त्याच्या आधी बदलणं म्हणजे टोटल वेस्ट."

"तुझी गाडी कोणती रे?" उत्तरेश्वररावांनी विचारलं.

"माझी नाहीये. मी कॅबने जातो."

"अस्सं," एवढंच म्हणून उत्तरेश्वररावांनी पेपर पुन्हा वर घेतला.

मी सरकारी कार्यालयात अधीक्षक आहे. माझ्या टेबलावर आलेली फाइल निर्णय होऊनच पुढे जाते. तो निर्णय 'वरिष्ठांकडे सादर' असा असतो हा भाग वेगळा. पण स्वतःच्या गाडीच्या तेलाबाबत वरिष्ठ कोण? आमोदने त्या दिवशी मला व्हिडिओंचा ढीग पाठवला. एक गृहस्थ हजारावर बदलाच म्हणत होते, दुसरे बदललंत तर पस्तावाल म्हणत होते. तिसरे फार समजूतदारपणे, शांतपणे, तपशीलवार बोलत होते, आणि ते मला पटलेही होते. शेवटी कळलं, ते ट्रॅक्टरबद्दल बोलत होते.

मग मी गाडी घेऊन थेट सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या सल्लागार उत्कर्षा मॅडम. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण बोलणं आमच्या जॉइंट डायरेक्टरांसारखं.

"सर, फर्स्ट सर्व्हिसला फक्त तपासणी असते. ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते."

'यांपैकी जे आधी होईल ते' हे शब्द ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पण डोळ्यांपुढे तो लोखंडाचा भुसा येत होता. मी म्हणालो, "तरीही मला बदलूनच हवं असेल तर?"

"सिस्टीम जॉब उघडत नाही, सर. कारण टाकावं लागतं."

"मग टाका कारण."

त्यांनी पडद्यावर खालीवर पाहिलं. "गळती आहे का?"

"नाही."

"आवाज?"

"नाही हो. नवीन आहे."

"अपघात?"

"अजिबात नाही!"

"मग कोणतं टाकू? यात 'मनाची शांती' नाहीये, सर."

मी मॅनेजरना भेटायचा आग्रह धरला. मॅनेजर मीटिंगमध्ये होते. मीटिंग चालू असताना ते काचेपलीकडे वडापाव खाताना दिसत होते. ते बाहेर येईनात, तेव्हा मी विषय, संदर्भ, महोदय अशा रीतसर पायऱ्यांनी एक अर्ज पाठवला. इतका नेटका अर्ज त्यांच्याकडे कधी आला नसेल. उत्तर आलं, 'आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आला आहे.' हे वाक्य लिहिण्यात माझी हयात गेली आहे. त्याचा अर्थ मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी जेवताना मी सगळं घरात मांडलं. सोनाली एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासून आल्यावर तिला घरात कोणाचं काही तपासायचं नसतं. ती म्हणाली, "अहो, कंपनी नको म्हणतेय ना? मग नको. भात वाढू का?"

आई मात्र लक्ष देऊन ऐकत होती. माझी आई सुंदराबाई. गाडी दारात आल्यापासून ती गाडीला सहसा गाडी म्हणत नाही, 'आपली' म्हणते. 'आपली धुतली का?' 'आपली उन्हात लावली का?' असं. ती म्हणाली, "मला एक सांग, त्यात येवढं इचारायचं काय हाय? भज्याचं तेल आपण कवा बदलतो? काळं झालं की. रोज उघडून बघावं. काळं दिसलं, बदललं."

मी घास तसाच धरून बसलो. उत्तरेश्वरराव बोलत होते, आमोद बोलत होता, उत्कर्षा मॅडम बोलत होत्या, पण तेलाकडे बघावं असं त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मी ठरवलं, रोज बघायचं.

तेल बघायची एक लांब पट्टी इंजिनात खोचलेली असते. ती ओढायची, पुसायची, परत घालायची, परत ओढायची आणि मग बघायचं. हे मी रोज सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी करू लागलो. पहिल्या दिवशी पट्टी सोनालीच्या नव्या किचन नॅपकिनला पुसली. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी झटकली गेली आणि माझ्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत एक मधाच्या रंगाची रेघ उमटली. तो शर्ट घालून मी ऑफिसात गेलो. कोणी विचारलं तर सांगायचं, "काही नाही, सकाळी जरा गाडीचं तेल बघत होतो." कोणी विचारलं नाही. शेवटी मीच सांगितलं.

हळूहळू तपासणीला माणसं जमू लागली. दूध घ्यायला निघालेले, शाळेच्या बसला मुलं सोडून परतणारे, सगळे बॉनेटभोवती थांबत. मी कागदावर थेंब टाकायचो. आमोद तो उजेडाकडे धरून "कलर एकदम परफेक्ट" म्हणायचा. उत्तरेश्वरराव कागद नाकाशी नेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आहे. किंचित आहे." काय आहे ते सांगायचे नाहीत. सोनाली स्कूटर काढता काढता विचारायची, "पेशंट कसा आहे?" मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर छातीही फुगायची. माझ्या बॉनेटभोवती सोसायटी गोळा होते, हे दृश्य मी पूर्वी फक्त दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

मग एक दिवस लिफ्टशेजारी पाटी लागली. 'वाहनतळात बॉनेट उघडून गर्दी जमवू नये. तेल पाहून झाल्यावर बॉनेट लावावे. गाडी नवीन आहे हे सर्वांना कळले आहे.' खाली सही नव्हती. अक्षर उत्तरेश्वररावांचं होतं. मी जाऊन विचारलं, तर म्हणाले, "सेक्रेटरींनी लिहायला सांगितलं. अक्षर चांगलं असण्याचा हा तोटा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्यायला हजर.

अशात माझी बहीण पूर्णिमा हिचा फोन आला. लोणी काळभोरला तिने आणि भाऊजींनी, म्हणजे समाधानरावांनी, घर बांधलं होतं. रविवारी गृहप्रवेश. सकाळी बुद्धवंदना, मग जेवण. लोणी हे आमचं जुनं गाव. आई तिथून निघाली ती एसटीने, परत गेली तेव्हाही एसटीने किंवा कोणाच्या तरी मागे बसून. या वेळी ती मुलाच्या गाडीतून जाणार होती. तिने चार दिवस आधीच पांढरी साडी इस्त्रीला दिली आणि इस्त्रीवाल्याला, "आपल्या गाडीतनं जायचंय, चुणी पडाया नको," असं बजावलं.

रविवारी सकाळी मी गाडी पुसून चकचकीत केली. उत्तरेश्वरराव आलेच. "लांबचा प्रवास. नुसती पट्टी नको. आज वरचं टोपण उघडा आणि थेट वास घ्या." तेल भरायच्या तोंडाचं ते काळं, गोल टोपण मी फिरवून काढलं. खाली ठेवलं तर धूळ लागेल, म्हणून रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं. आम्ही दोघांनी आळीपाळीने इंजिनात नाक घातलं. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं.

आई बाहेर आली. पांढरीशुभ्र साडी, डोक्यावरून पदर, हातात पूर्णिमासाठी घेतलेली बुद्धमूर्ती. उत्तरेश्वरराव चक्क ताठ उभे राहिले. "वा! आज काय मंत्रीणबाई दौऱ्यावर!" आई हसली. मी धावत जाऊन पुढचं दार उघडलं, तिला बसवलं, पट्टा लावून दिला. सोनाली मागे बसली. उत्तरेश्वररावांनी स्वतःच्या हाताने बॉनेट लावलं, आणि सेनापतीने कूच करावी तसे आम्ही धायरीतून निघालो.

स्वारगेटपर्यंत छान गेलं. हडपसरला जळका वास येऊ लागला. पुण्यात जळका वास आला तर तो आपलाच असेल असं कोणी मानत नाही. मी काचा वर केल्या. सोनाली म्हणाली, "अहो, वास आत जास्त येतोय." मी म्हणालो, "पुढचा ट्रक बघ. तेल वेळेवर बदलत नाहीत हे लोक." ट्रक वळून गेला. वास राहिला. कवडीपाटच्या अलीकडे बॉनेटच्या फटीतून धूर येऊ लागला. मी गाडी कडेला घेऊन बंद केली.

मी बॉनेट उघडलं. ज्या इंजिनाला मी रोज नखाएवढा डाग पडू दिला नव्हता, ते आख्खं तेलाने माखलं होतं. तापलेल्या भागावर तेल चरचरत होतं. भज्यांचा उल्लेख करायची ही वेळ नव्हे, पण आवाज तोच. घाम पुसायला मी खिशातला रुमाल काढला. रुमालातून टोपण रस्त्यावर पडलं आणि घरंगळत खाली उतरलेल्या सोनालीच्या पायाशी गेलं.

सोनालीने ते उचललं. माझ्याकडे पाहिलं. इंजिनाच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या हातातला रुमाल घेऊन तिने टोपण पुसलं.

मी उत्कर्षा मॅडमना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. "सर, इंजिन अजिबात चालू करू नका. पट्टीवर तेल दिसतंय का?"

"टोकालासुद्धा नाही."

"मग उद्या आणा. आता सगळं ऑइल बदलावं लागेल. आता सिस्टीम घेईल."

"कोणत्या कारणाखाली?"

"'ग्राहकाची हाताळणी' असं एक आहे, सर."

मनुष्याच्या सेवापुस्तकात असा शेरा पडला तर बढती थांबते. पण अपमानाला वेळ नव्हता, कारण तेवढ्यात उत्तरेश्वररावांचाच फोन आला. पोचलात का, म्हणून. मी सांगितल्यावर म्हणाले, "हजारावर बदललं असतंत, तर मेकॅनिकने टोपण लावून दिलं असतं." मागून आमोदचा आवाज आला, "काका, मी काय म्हणत होतो? दहा हजारापर्यंत टच करायचंच नाही!" दोघंही बरोबर ठरले होते. चुकलेला मी एकटा होतो.

समाधानरावांना फोन केला. "तिथंच थांबा, येतो," म्हणाले. थांबलो. बाजूने गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीतला माणूस मान वळवून माझ्या उघड्या बॉनेटकडे बघत होता. रोज सकाळी हेच दृश्य मला किती आवडायचं! आज मला वाटत होतं, रस्ता दुभंगावा आणि मी गाडीसकट आत जावं. आई नव्या गाडीतून पहिल्यांदा गावाला निघाली, आणि मी तिला हायवेच्या कडेला धुरात बसवलं.

एक रिकामा टेंपो थांबला. मार्केट यार्डात भाजी उतरवून परत चालला होता. ड्रायव्हर खाली उतरला, इंजिनात डोकावला, "अरारा" म्हणाला, आणि मग खिडकीतून आईला म्हणाला, "आजी, उन्हात कशाला बसता? चला माझ्यासंगं. लोणीतच चाललोय. पुढं बसा, केबिनमदी."

मीही म्हणालो, "आई, जा. वंदनेला वेळेवर पोचशील."

आईने पदर नीट केला. "नगं बाबा. टेंपोत लई बसले. कांदा निवडायला यार्डात जायची तवा रोज पोत्यांवर बसून यायची. केबिनमदी कुनी बसू देत नव्हतं. तू बसवतोस, तुजं भलं होवो. पर आज मी आपल्या गाडीतच बसनार."

"अगं, पण ती चालत नाहीये," मी म्हणालो.

"मग चालंल तवा जाऊ. मला कुटं घाई हाय?"

ड्रायव्हर हसला. त्याने आईला हात जोडले, तिला टेंपोतली पाण्याची बाटली दिली आणि गेला. मी रस्त्याकडे पाठ करून इंजिन बघत उभा राहिलो. इंजिनात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण कुठेतरी बघणं भाग होतं. सोनाली जवळ आली आणि रुमाल माझ्या हातात देऊन म्हणाली, "स्वच्छ बाजूने पुसा."

समाधानराव आले ते ट्रॅक्टर घेऊन. वंदनेसाठी घातलेला पांढरा सदरा, पायजमा आणि खाली ट्रॅक्टर. मागे जाड दोर. मला पाहून म्हणाले, "पाव्हणं, क्रेन रविवारची मिळंना. ह्यो चालंल न्हवं?" मी तोंड उघडण्याआधी आईने आतूनच सांगितलं, "चालंल, चालंल. बांधा."

दोर बांधला. गिअर मोकळा, चावी फिरवलेली, स्टिअरिंग दगडासारखं जड, ब्रेकवर दोन्ही पाय. फटफट फटफट करत ट्रॅक्टर निघाला आणि मागून आमची नवी कोरी गाडी. गावात शिरलो तेव्हा मी सीटमध्ये जेवढं खाली सरकता येईल तेवढं सरकलो. आईने मात्र काच पूर्ण खाली घेतली आणि कोपर बाहेर टेकवलं.

ट्रॅक्टरचा वेग असा, की कोणाला बघायचं राहून गेलं असं होऊच शकत नव्हतं. दुकानातले बाहेर आले. पारावरचे उठले. ओळखीच्या बायका गाडीबरोबर चालू लागल्या. आई प्रत्येकीला नावाने हाक मारत होती, जयभीम घेत होती, मूर्ती मांडीवर सांभाळत होती. गाडी जोरात नेली असती तर आम्ही धुरळा उडवून गेलो असतो आणि कोणाला कळलंही नसतं आत कोण होतं. आता गावातलं एकही घर राहिलं नाही.

नव्या घरापुढे ट्रॅक्टर थांबला. मांडवातली सगळी माणसं बाहेर आली. पूर्णिमा धावत आली, आईच्या गळ्यात पडली, मग दोर बघून घाबरली. "आई, काय झालं गं गाडीला?"

मी घसा साफ केला. टोपण, वास, पट्टी, हजार, दहा हजार, कुठून सुरुवात करावी ते मनात जुळवत होतो. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता.

आई सावकाश खाली उतरली. साडीला एक चुणी पडली नव्हती. गाडीच्या टपावर तिने हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गाडीला काय झालं न्हाय. नवी हाय अजून. माजं पोरगं तिला उगं पळवत न्हाय."